न्याहारीची भाकरी आणि सकाळचा चहा

सह्याद्रीच्या पूर्वेला नगर (आताचे अहिल्यानगर), सोलापूर, बीड आणि पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग मिळून जो पर्जन्यछायेचा पट्टा होतो, तेथे वर्षाकाठी जेमतेम २० ते २५ इंच पाऊस पडतो आणि तोही भरवशाचा नसतो. त्यामुळे तेथील ताटात काय असावे हे पिढ्यानपिढ्या ज्वारी आणि बाजरी या दोन धान्यांनी ठरविले. खरिपात हलक्या जमिनीवर बाजरी आणि रब्बीत ओल धरून ठेवणाऱ्या काळ्या रानात शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, असा हा क्रम होता. या पट्ट्यातील कष्टकरी कुटुंबांच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या आहाराकडे पाहिले तर सर्वांत खोलवरचा बदल दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणापेक्षा न्याहारीत झालेला दिसतो, आणि पोषण व वजन यांच्यातील आजची विसंगती समजून घेण्यासाठी त्या बदलाचाच माग काढावा लागतो.

न्याहारी म्हणजे सकाळचे पहिले भरीव खाणे. रानात जाणारा माणूस रात्रीची उरलेली भाकरी ताकात कुस्करून, नाहीतर कांदा, मिरचीचा ठेचा आणि कारळ्याची, जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी यांच्या जोडीने खात असे. उन्हाळ्यात ज्वारीचे वा नाचणीचे पीठ आंबवून शिजविलेली पातळ आंबील भाकरीची जागा घेई. शंभर ग्रॅम ज्वारीतून सुमारे ३३५ कॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिने मिळतात आणि तितकाच तंतू, म्हणजे न पचता आतड्यातून पुढे सरकणारा धान्याचा भाग, पोटात जातो. पॉलिश केलेल्या तांदळात हाच तंतू ३ ग्रॅमच्याही आत असतो. तंतूमुळे अन्न सावकाश पचते, रक्तातील साखर हळूहळू चढते आणि पोट बराच वेळ भरल्यासारखे राहते. ताकातून प्रथिने, कॅल्शियम आणि वनस्पतिज अन्नात जवळजवळ नसलेले ब-१२ जीवनसत्त्व मिळे, तर चटण्यांतील तेलबियांतून आवश्यक स्निग्धांश मिळत. त्याखेरीज पावसाळ्यात व हिवाळ्यात बांधावर उगवणारी घोळ, चाकवत, तांदुळजा, पाथरी यांसारखी पालेभाजी कोरड्यास, म्हणजे भाकरीबरोबरचे तोंडीलावणे, म्हणून ताटात येई आणि तिला पैसे पडत नसत.

या आहाराचे गोडवे गाण्याआधी तो कोणाच्या वाट्याला येई, हे पाहणे आवश्यक आहे. दुभते जनावर दारात असलेल्या घरात भाकरीबरोबर ताक असे; भूमिहीनाच्या घरात पुष्कळदा नुसत्या कण्या शिजत. केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा त्वचा, पचनसंस्था आणि मेंदू यांवर परिणाम करणारा रोग आढळे. नायसिन या ब-गटातील जीवनसत्त्वाची कमतरता हे त्याचे कारण होय, आणि ज्वारीतील ल्यूसिन या अमिनो आम्लाच्या अतिरेकाशी त्याचा संबंध असावा, असे प्रतिपादन हैदराबाद येथे संशोधन करणाऱ्या सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या सुमारास केले होते. भाकरीचे सामर्थ्य तिच्या सोबतीला असलेल्या डाळीत, ताकात आणि पाल्यात होते. सोबत तुटली की तेच धान्य अपुरे पडे.

सोबतच नव्हे तर भाकरीही तुटल्याचे वर्ष म्हणजे १८७६-७७च्या दुष्काळाचे. दुष्काळी कामांवरील मजुरी ठरविताना हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी प्रौढ पुरुषासाठी दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, धान्य आणि वर किरकोळ रक्कम एवढाच दर पुरेसा मानला. खडी फोडणाऱ्या माणसाला यातून दीड हजारांच्या आसपास कॅलरी मिळत. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डब्ल्यू. आर. कॉर्निश यांनी हे प्रमाण घातक असल्याचे सरकारला बजावले, आणि मुंबई इलाख्यात पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठविला. माणसाला जगण्यासाठी आणि श्रमासाठी नेमके किती अन्न लागते, हा प्रश्न या प्रदेशात प्रयोगशाळेच्या आधी दुष्काळी कामावर विचारला गेला, ही बाब पोषणशास्त्राच्या इतिहासात ठळकपणे नोंदविली पाहिजे.

चहा या मुलखात उशिरा आला. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आदी मंडळींसमोर चहा ठेवला गेला, तेव्हा उठलेला वाद ख्रिस्ती घरच्या पेयाने धर्म बाटण्याविषयीचा होता आणि तो शंकराचार्यांपर्यंत गेला. शरीरावर त्या पेयाचा काय परिणाम होईल, हा मुद्दा तेव्हा गौण होता. पुढे १९०३च्या कायद्याने निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाच्या प्रचाराचे काम उभे राहिले. १९३०च्या दशकातील मंदीत परदेशी मागणी आटली व निर्यातीवर मर्यादा आल्या, तेव्हा हा प्रचार देशांतर्गत बाजाराकडे मोठ्या जोमाने वळला. रेल्वे स्थानके, कारखाने आणि बाजारगावे येथे चहा करून दाखविणारी, पाजणारी माणसे पोहोचली. मुंबईच्या गिरण्यांत पाळी धरणाऱ्या कोकणातील आणि घाटावरील कामगारांना चहा-पावाची सवय लागली आणि सुट्टीत गावी जाताना ती त्यांच्याबरोबर गेली. त्यानंतर सीटीसी पद्धतीचा, म्हणजे यंत्रात पाने चिरडून, फाडून, वळवून दाणेदार केलेला चहा पसरला; तो स्वस्त होता, थोड्या भुकटीत गडद रंग देई आणि दूध-साखर घालून उकळला तरी त्याचा कडकपणा टिकून राही.

चहाला दोन जोडीदार लागतात, आणि दोघांचीही कहाणी महाराष्ट्राच्या सहकाराशी निगडित आहे. प्रवरा नदीच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०च्या सुमारास झाला. ज्या नगर जिल्ह्यात बाजरी हेच मुख्य पीक, तेथे पाटाच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. पूर्वी सणावाराला आणि पाहुण्याला मिळणारी साखर रेशनवर आणि वाण्याकडे रोजची वस्तू झाली, आणि गुळाचा चहा गरिबीची खूण ठरू लागला. दुसरीकडे १९४९मध्ये मुंबईत आरे दुग्ध वसाहत सुरू झाली आणि १९७०पासून दुग्धपूर योजनेने दूधसंकलनाचे जाळे देशभर विणले. यातून शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा आला, हे त्या चळवळीचे मोठेच यश होय. मात्र घरचे दूध संकलन केंद्राच्या कॅनमध्ये जाऊ लागल्यावर विरजण कमी झाले, ताक आटले, आणि चहापुरते पावशेर दूध ठेवून बाकीचे घालण्याची रीत पुष्कळ घरांत पडली.

नव्या न्याहारीचा हिशेब मांडला तर तिचे दुहेरी स्वरूप लक्षात येते. दोन चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम, साखर घातलेल्या कपातून साखरेच्या ४० कॅलरी आणि दुधाच्या थोड्या मिळतात. सोबत खारी, बटर किंवा बिस्किटे असली तर मैदा आणि वनस्पती तूप यांची भर पडते. सकाळी भाकरी-ताकाऐवजी नुसता चहा घेऊन कामाला जाणाऱ्या मजूर स्त्रीची भूक त्या गोड, उष्ण पेयाने मारली जाते, परंतु तिच्या पोटात प्रथिने जवळजवळ जात नाहीत. शिवाय चहातील टॅनिनसारखी द्रव्ये धान्यातील व पालेभाजीतील लोह शोषले जाण्यास अडथळा आणतात, त्यामुळे जेवणालगत घेतलेला चहा रक्तक्षयाला हातभार लावतो. उलट दिवसभर बसून काम करणाऱ्या माणसाने असे पाच कप घेतले तर साखरेच्याच २०० कॅलरी पूर्ण जेवणाच्या वर पडतात आणि पातळ पदार्थातून आल्यामुळे त्या भूक फारशी भागवीत नाहीत. एकच सवय अशा रीतीने एका शरीराला कृश करते आणि दुसऱ्याला स्थूल. पोषण दोघांचेही उणेच राहते.

भाकरीची पीछेहाट मुख्यतः धान्यव्यवस्थेने घडविली. १९५६च्या पीएल-४८० या अन्नसाहाय्याच्या करारानंतर अमेरिकेचा गहू येऊ लागला, हरितक्रांतीने पंजाब-हरियाणाच्या गव्हाला आणि तांदळाला हमीची सरकारी खरेदी दिली, आणि स्वस्त धान्य दुकानांतून प्रामुख्याने हीच दोन धान्ये ज्वारीच्या मुलखात पोहोचली. १९७२च्या दुष्काळात आलेला तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, आणि कामावर वाटला जाणारा सुकडी हा कोरडा खाऊ यांची आठवण त्या पिढीने जपून ठेवली आहे. राज्य स्थापन झाले तेव्हा महाराष्ट्रात ६० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र ज्वारीखाली होते. आता ते त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास उरले आहे. कोंड्यासह दळलेल्या गव्हाच्या पोळीत तंतू ज्वारीइतकाच असतो, म्हणून सगळा दोष गव्हाला देणे अन्यायाचे ठरेल. मैदा, पांढरा तांदूळ, पोळीवरील तेल आणि त्याच काळात जाते, रहाट व पायवाट सुटल्याने घटलेले श्रम यांचा एकत्र विचार केला तरच वाढत्या वजनाचा उलगडा होतो.

माणसाला किती अन्न लागते, या जुन्या प्रश्नावर पुण्यात जो वाद झडला तो अत्यंत मोलाचा आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१मध्ये दरडोई रोज २२५० कॅलरींच्या आधारे दारिद्र्याची रेषा आखली. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीची धुरा वाहिलेले पां. वा. सुखात्मे यांनी, शरीराची ऊर्जेची गरज दिवसागणिक बदलते व शरीर काही मर्यादेत कमी अन्नाशी जुळवून घेते, म्हणून सरासरी आकड्यावरून उपाशी माणसे मोजणे चूक आहे, असा प्रतिवाद केला. अस्वच्छ पाण्यामुळे होणारे आतड्याचे संसर्ग खाल्लेले अन्न वाया घालवितात, हा त्यांचा आग्रह आजही खरा ठरतो. जुळवून घेण्याचा सिद्धांत मात्र शरीराने त्यासाठी मोजलेली किंमत पुरती ध्यानात घेत नाही.

ती किंमत पुढे जन्मलेल्या बालकांत मोजली गेली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा गर्भधारणेच्या आधीपासून अभ्यास सुरू केला. सुमारे ४२ किलो वजनाच्या या माता शेतीची कष्टाची कामे करीत. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याच्या बाळांत स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती, म्हणजे दिसायला कृश असलेले मूल चरबीच्या दृष्टीने तितके कृश नव्हते. अशा शरीराला पुढे साखर, मैदा आणि बैठे काम लाभले की मधुमेह कमी वजनातही गाठतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातील सुमारे २१ टक्के स्त्रिया उंचीच्या मानाने कमी वजनाच्या आणि २३ टक्के अधिक वजनाच्या आढळल्या, आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय होता. त्या सहा गावांच्या अभ्यासात बाळाच्या आकाराशी मातेच्या आहारातील एकूण कॅलरींचा किंवा प्रथिनांचा फारसा संबंध दिसला नाही. गरोदरपणात ज्यांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार होते, त्या स्त्रियांची बाळे मोठी भरली.