यूएसबी, डोंगल आणि अडकलेली वेलांटी

पेन ड्राइव्ह लावला. 'टुडुंग' वाजलं. टास्कबारच्या कोपऱ्यात फुगा आला, 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड'. यावर आपण सगळे काय करतो? काढतो, फुंकर मारतो, परत लावतो. मग मागच्या पोर्टला लावतो. मग रीस्टार्ट. एवढं होऊनही जमलं नाही तर ऑफिसातल्या 'हार्डवेअरवाल्या'ला फोन.

मंडळी, हा उपाय अगदीच अडाणी नाही, पण काय बिघडलंय हे त्यातून कळत नाही. ते कळायचं तर हा फुगा आला कुठून ते बघावं लागतं. आणि तो इतिहास मोठा मजेशीर आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा पीसी आठवा. कीबोर्डला एक भोक, माऊसला दुसरं, प्रिंटरला पंचवीस पिनांचं रुंद पोर्ट, मॉडेमला आणखी वेगळं. नवं कार्ड टाकायचं म्हणजे कॅबिनेट उघडा, जंपर हलवा, आयआरक्यू नंबर दुसऱ्याशी भांडत नाही ना ते बघा. कॉम्प्युटर स्वतःहून काहीच विचारायचा नाही. कुठे काय लावलंय हे त्याला आपणच सांगायचं.

इंटेलमधल्या अजय भट्ट यांना हे बदलावंसं वाटलं. घरी प्रिंटर चालवताना घरच्यांची उडणारी त्रेधा त्यांनी पाहिली होती, असं त्यांनी मुलाखतींत सांगितलंय. भट्ट शिकले बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. म्हणजे मालेगावजवळच्या कवळाण्यात जन्मलेल्या आपल्या सयाजीराव गायकवाडांचं नाव लावणाऱ्या विद्यापीठात. (एवढा अभिमान चालतो!) इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डेक, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी १.० जाहीर झालं. इंटेलने त्यावर रॉयल्टी घेतली नाही. प्लग दोन्ही बाजूंनी लागेल असा का नाही केला, तर तारा आणि सर्किट वाढून खर्च दुप्पट झाला असता, हे कारण भट्ट यांनीच पुढे सांगितलं. आपण तिसऱ्या प्रयत्नात प्लग बसवतो, त्यामागे हे गणित आहे.

सुरुवात मात्र अडखळतच झाली. २० एप्रिल १९९८ ला शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्ससमोर विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक चाललं होतं. सहकाऱ्याने यूएसबी स्कॅनर जोडला आणि भर सभेत पडदा निळा! म्हणूनच आम्ही हे अजून बाजारात आणलेलं नाही, असं म्हणून गेट्सने वेळ मारून नेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अॅपलने आयमॅक आणला, त्यात जुनी पोर्टं काढून यूएसबी दिलं होतं. मग प्रिंटरवाले, स्कॅनरवाले सगळे यूएसबीकडे वळले.

आता कामाची गोष्ट. केबल लावल्यावर नेमकं काय होतं?

आपल्या नेहमीच्या जुन्या यूएसबीत चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. डिव्हाइसमधला एक छोटा रेझिस्टर माहितीची एक तार वर ओढतो, तेव्हा कॉम्प्युटरला कळतं की दारात कुणीतरी आलंय. कॉम्प्युटर त्याला रीसेट करतो. पाहुणा त्या वेळी 'शून्य' पत्त्यावर असतो. मग प्रश्न येतो, तू कोण? पाहुण्याने आपलं ओळखपत्र द्यायचं. त्यात कंपनीचा नंबर, मालाचा नंबर, आपण कुठल्या प्रकारचे, वीज किती लागेल, असं सगळं असतं. मधेच त्याला १ ते १२७ मधला एक पत्ता मिळतो. शेवटी विंडोज त्या नंबरांवरून ड्रायव्हर शोधतं.

म्हणजे एकाच फुग्यामागे, किंवा फुगाही न येण्यामागे, चार वेगवेगळे आजार असू शकतात. डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि बघा.

काहीच दिसत नाही? दारावर टकटकच झालेली नाही. केबल बदला (फक्त चार्जिंगच्या केबलमध्ये माहितीच्या तारा नसतातच), पोर्ट बदला. 'अननोन डिव्हाइस' दिसतंय? टकटक झाली, पण ओळखपत्र नीट आलं नाही. इथे वीज तपासा. यूएसबी २.० मध्ये ओळख होईपर्यंत १०० मिलिअँपिअर आणि नंतर जास्तीत जास्त ५०० मिळतात. स्वस्त हबवर पोर्टेबल हार्ड डिस्क लावली तर ती उपाशीच राहणार. नाव बरोबर दिसतंय, पण पिवळं चिन्ह आहे? ओळख झालीय, दुभाषा म्हणजे ड्रायव्हर नाहीये. आणि सगळं ठीक दिसतंय, पण ड्राइव्हच नाही? मग यूएसबीचा दोष नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ड्राइव्ह लेटर आणि फाइल सिस्टिम बघा.

असो. हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आमच्या नागपुरातला एक डोंगल.

महालात माझ्या ओळखीचे एक डीटीपीवाले काका आहेत. लग्नपत्रिका, स्मरणिका, छोट्या प्रकाशकांची पुस्तकं हे त्यांचं काम. त्यांचा जुना पीसी गेला, नवा घेतला, आणि मराठी टायपिंगचा यूएसबी लॉक ओळखला जाईना. ज्यांनी नव्वदच्या दशकात मराठी डीटीपी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तेव्हा विंडोजला देवनागरी येत नव्हती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम अशी पॅकेजेस आली आणि मराठी छपाई कॉम्प्युटरवर आली. हे उपकार मोठे आहेत. पण एक सीडी घेऊन अख्ख्या गल्लीने वापरायची, ही आपली रीत. म्हणून अशा बऱ्याच पॅकेजांबरोबर डोंगल यायचा, आधी प्रिंटरच्या पोर्टला लावायचा, पुढे यूएसबीचा. सॉफ्टवेअर त्याला प्रश्न विचारतं, उत्तर बरोबर आलं तरच टाइप करू देतं.

काकांच्या मशीनवर एका कवितासंग्रहाची फाइल उघडली होती. कवी आता हयात नाहीत. दुसरी आवृत्ती निघायची होती आणि पहिल्या आवृत्तीत एका शब्दाची वेलांटी चुकली होती. फॉन्ट होता, त्यामुळे पान छान दिसत होतं. पण लॉक नाही म्हणून ती एक वेलांटी बदलता येईना! "पंचवीस वर्षांचं काम हाय रे माझं ह्यात," काका म्हणाले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं, इतक्या शांतपणे म्हणाले.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॉकचं नाव दिसत होतं, शेजारी पिवळं चिन्ह. म्हणजे तिसरा आजार. लॉक जिवंत, पोर्ट चांगलं. जुना ड्रायव्हर ३२ बिटांचा आणि नवं विंडोज ६४ बिटांचं. त्यात ३२ बिटांचा ड्रायव्हर चालतच नाही. लॉक बनवणाऱ्याचा नवा ड्रायव्हर टाकला आणि दिवा लागला. वेलांटी पाच सेकंदांत बदलली.

पण प्रश्न वेलांटीचा नाहीच. ह्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली असतात, आणि प्रत्येक कंपनीची बैठक वेगळी. फॉन्ट गेला की 'नागपूर'चा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टही आला. तरी छपाईवाले वर्षानुवर्षं जुन्या फॉन्टांवरच राहिले, कारण पेजमेकरला युनिकोड मराठी जमत नव्हती आणि प्रेसला चालू काम थांबवणं परवडत नव्हतं. त्यात कुणाची चूक काढण्यात अर्थ नाही.

गंमत बघा. यूएसबी भोळं आहे. पाहुणा 'मी कीबोर्ड' म्हणाला की कॉम्प्युटर विश्वास ठेवतो. २०१४ साली कार्स्टेन नोल आणि याकोब लेल यांनी ह्याच भोळेपणाचा फायदा घेऊन पेन ड्राइव्हला कीबोर्ड बनवून दाखवलं, 'बॅडयूएसबी' म्हणतात ते हेच. डोंगलचा स्वभाव उलटा, तो मालकालाही ओळख विचारतो. दोन्हीमागे कारणं आहेत. पण आपला मजकूर या दोघांपैकी कुणाच्याही मर्जीवर राहता कामा नये.

काकांकडे आता रविवारी एकेक जुनं पुस्तक युनिकोडमध्ये नेणं चालू आहे. कन्व्हर्टर नव्वद टक्के काम करतो, रफार आणि जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात. तुमच्या घरी, ओळखीत, एखाद्या संस्थेच्या कपाटात असा डोंगल आणि अशा फाइली असतील तर लॉक ओळखला जातोय तोवरच हे काम उरकून घ्या. प्लास्टिकचा तो तुकडा कधीतरी मरणारच आहे, आणि त्या दिवशी फुगा येईल तेव्हा फुंकर मारून उपयोग होणार नाही.