धाराशिव जिल्ह्यातील पदवीस्तरीय जीवशास्त्र व संशोधनाची संधी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

मराठवाड्यातील विज्ञान महाविद्यालयांविषयी जे लेखन झाले आहे, ते मुख्यतः संस्था, संस्थापक आणि निकाल यांभोवती फिरते. पदवीच्या तीन वर्षांत विद्यार्थ्याने स्वतः काही शोधले काय, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यापुरता आणि प्रामुख्याने वनस्पतिशास्त्राच्या अंगाने हा प्रश्न तपासला आहे. ‘संधी’ म्हटले की आज योजना, शिष्यवृत्ती व स्पर्धा डोळ्यांपुढे येतात. जिल्ह्याचा इतिहास पाहता संधी त्यांहून जुनी आहे आणि ती दरवर्षी हातातून निसटत आली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हद्दीपलीकडचा जिल्हा :

थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला व पश्चिम भारतातील अभ्यासकांचा तो दीर्घकाळ आधार राहिला. परंतु ग्रंथ इलाख्याचा होता. सोलापूर त्यात आले; शेजारचे तुळजापूर व नळदुर्ग निजामाच्या राज्यात असल्यामुळे त्याच्या कक्षेबाहेर राहिले. बालाघाटच्या माळावरचे कुसळी गवत आणि तरवड दोन्हीकडे सारखेच उगवत होते, हा भाग वेगळा.

उच्च शिक्षणाची स्थितीही फारशी निराळी नव्हती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते व ते होते हैदराबादला. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान मुक्त झाल्यानंतर, २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ हा ग्रंथ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. कुक यांच्या कक्षेबाहेर राहिलेल्या या भूभागाला त्यामुळे स्वतःचा वनस्पतिग्रंथ मिळाला. नाईक यांचाच ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ पुढे १९९८ मध्ये दोन खंडांत आला. पहिला ग्रंथ वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. तेव्हा १९७९ च्या ग्रंथातील ‘उस्मानाबाद’ म्हणजे आजचे दोन जिल्हे होत. जुन्या नोंदींशी आजची तुलना करणाऱ्याने तालुक्याचे नाव पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हर्बेरियमचे पान :

बी.एस्सी.च्या वनस्पतिशास्त्र अभ्यासक्रमात सहल व वनस्पतिसंग्रह यांना पूर्वीपासून स्थान आहे. विद्यार्थी येडशीच्या रामलिंग घाटात किंवा नळदुर्गला बोरी नदीकाठी जातो, झाडोरा तोडतो, जुन्या वर्तमानपत्रांत दाबून वाळवतो, जाड कागदावर शिवतो आणि प्रात्यक्षिक परीक्षेस सादर करतो. परीक्षक त्यावर सही करतात. प्रस्तुत लेखकानेही पदवीच्या वर्गात असताना अशीच पाने तयार केली होती. परीक्षेनंतर ती रद्दीत गेली. आणि खरे सांगावयाचे तर त्यांतील काही झाडे सहलीला न जाता महाविद्यालयाच्या कुंपणाबाहेरूनच आणलेली होती. तरीही ती नोंद होती. तीवर तारीख होती, गाव होते, झाड होते.

याचे मोल एका उदाहरणाने स्पष्ट होईल. गाजरगवताची भारतातील नोंद १९५६ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झाली. आज ते धाराशिव जिल्ह्यात बांधापासून गावठाणापर्यंत दिसते. पण ते परंड्यास आधी आले की उमरग्यास, रस्त्याच्या कडेने पसरले की धान्याबरोबर आले, हे कोणत्या पुराव्याने सांगावे? साठ-सत्तरच्या दशकांत विद्यार्थ्यांनी चिकटवलेली पाने तारखेसह जपली असती, तर या प्रश्नाचे उत्तर बी.एस्सी.चा विद्यार्थी एका सुट्टीत शोधू शकला असता. माळरानावरची गवते कोणत्या दशकात विरळ झाली, १९७२ च्या दुष्काळानंतर कोणत्या वनस्पती टिकल्या, हेही प्रश्न त्याच जातीचे आहेत. प्रयोगशाळेतील महागडे उपकरण त्यांस लागत नाही.

योजनांचा काळ :

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पदवी विद्यार्थ्यांसाठी नवी दारे उघडली. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये पदवीस्तरीय विज्ञानाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. राज्यात २००६ पासून ‘आविष्कार’ ही आंतरविद्यापीठीय संशोधन स्पर्धा होऊ लागली. केंद्राच्या ‘इन्स्पायर’ योजनेत (२००८) वार्षिक ८०,००० रुपयांपैकी २०,००० रुपये उन्हाळी प्रकल्पासाठी राखलेले होते. मात्र तिचे दार मुख्यतः बारावीच्या गुणांनी उघडत असे. या योजनांचा लाभ निश्चित आहे. तथापि ‘आविष्कार’ वगळता त्यांची दिशा एकच दिसते : हुशार मुलाने काही आठवडे मुंबई, पुणे किंवा बंगळूरला जावे. तो परत आल्यावर कळंब वा भूम येथील त्याच्या विभागात काय उरते, याचा विचार योजनेत नसतो.

महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यास चौथे वर्ष संशोधनासह करता येते. त्या वर्षाचे विषय कोठून येणार, हा प्रश्न प्रत्येक विभागापुढे उभा राहील. पहिल्या वर्षापासूनची पाने जपली, त्यांवर गाव, तालुका, तारीख, जमीन व स्थानिक नाव लिहिले आणि नाईक यांच्या ग्रंथाशी ताडून पाहिले, तर चौथ्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या हाती आधीच्या तुकड्यांचे काम असेल. त्यासाठी एक लोखंडी कपाट, डांबरगोळ्या, एक नोंदवही आणि परीक्षा संपल्यावर ती पाने रद्दीत न देणारा एक शिक्षक लागतो.