ठिपक्याला नाव काय?

कल्याणच्या दुर्गाडीवरून खाडी बघताना आम्हा आयटीवाल्यांना 'डेटा फ्यूजन' आठवणारच! १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथे आरमाराचा पाया घातला. तेव्हा टेहळणी म्हणजे माणसाचा डोळा.

२६ नोव्हेंबर २००८ ला अतिरेकी मुंबईजवळ आले ते 'कुबेर' या आपल्याच मच्छीमार बोटीतून. नुसत्या रडारवर काय दिसणार? एक ठिपका. म्हणून पुढे किनाऱ्यावर रडार, कॅमेरे आणि जहाजाचं नाव सांगणारं एआयएस यांची सांगड घातली; २०१४ पासून ही माहिती गुरुग्रामच्या केंद्रात एकत्र येते. ठिपका आहे पण नाव नाही, की शंका घ्यायची.

पण लहान होड्यांवर बहुधा एआयएस नसतंच. मग? त्या रात्री कुलाब्याच्या किनाऱ्यावर अनोळखी पोरांना 'कोण रे तुम्ही?' म्हणून हटकलं होतं कोळी लोकांनीच. साडेतीनशे वर्षांनंतरही डोळा माणसाचाच, फक्त त्याचं ऐकणारं कुणी हवं.