दरबारी कादंबरीचे सहवाचन आणि मुंबईतील टीकापरंपरा

अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू हिने ‘गेंजी मोनोगातारी’ ही ५४ प्रकरणांची जपानी दरबारी कादंबरी लिहिली. सम्राटाने ती दुसऱ्याकडून वाचून ऐकल्याची नोंद तिच्याच रोजनिशीत आहे. पुढे दरबारी संकेत दुर्बोध झाले, तेव्हा कितामुरा किगिन याने ‘कोगेत्सुशो’ (१६७३) या ग्रंथात संहिता व टीपा एकत्र दिल्या.

मराठीत या वाङ्मयप्रकाराला नाव देणारी बाणभट्टाची ‘कादंबरी’ हीदेखील दरबारी परंपरेतील कृती होय. श्लेष व दीर्घ समास यांमुळे तिलाही सोबतीची गरज भासते. एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे प्राध्यापक पीटर पीटरसन यांनी १८८३ मध्ये तिचे संपादन केले. काळबादेवी परिसरातील निर्णयसागर छापखान्याने भानुचंद्र व सिद्धचंद्र या मोगलकालीन जैन पंडितांच्या टीकेसह ती छापली. गिरगावातील आंग्रेवाडीत राहणाऱ्या पां. वा. काणे यांनी विद्यार्थ्यांसाठी तिची सटीप आवृत्ती सिद्ध केली.

टीका ही वस्तुतः सहवाचनातील शंका-समाधानाची लेखी स्मृती असते. परीक्षेसाठी ती केवळ पाठ केली गेली, की मूळ संवाद लोपतो. म्हणून ‘गेंजी’ असो वा ‘कादंबरी’, अशा कृतींचे गटवाचन हा नवा उपक्रम नसून त्यांच्या मूळ वाचनरीतीचे पुनरुज्जीवन ठरते.