बैठक आणि झेप

कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, विमानतळाच्या शेजारीं, करवीर तालुक्यांतील गडमुडशिंगी हें गांव आहे. या बाजूच्या गांवांतून तालमीचा विषय निघाला कीं पहिला प्रश्न येतो तो संख्येचा. अमुक पैलवान जोर किती काढी, बैठका किती मारी? उत्तर हजारांच्या भाषेंत मिळतें, आणि सांगणाऱ्याच्या उत्साहाप्रमाणें त्यांत एखाददुसऱ्या हजाराची भर पडण्यास हरकत नसते. परंतु तोच पैलवान उभ्या जागीं किती उंच उडे, असें सहसा कोणी विचारीत नाहीं. पायांच्या ताकदीची ज्या प्रांतानें एवढी उपासना केली, तेथें ती ताकद उडीनें मोजण्याची रीत रुजली नाहीं. ती परमुलखांत सिद्ध झाली.

म्हणून आपले वस्ताद अडाणी होते असें मात्र कोणीं समजूं नये. १८९४ सालीं राजर्षि शाहू छत्रपति गादीवर आले आणि करवीर नगरींत मल्लविद्येस राजाश्रयाचें वैभव प्राप्त झालें. तालमी नांदत्या झाल्या. १९१२ सालीं खासबागेचें मैदान उभें राहिलें. त्या काळची कुस्ती निकाली असे. घड्याळाचा काटा तिला बांधीत नसे. एकाची पाठ मातीस लागेपर्यंत दोघांनीं झुंजावयाचें. अशा झुंजींत जो उशिरां थकतो तो तरतो. तेव्हां पहांटे उठून शेंकडों बैठका मारणें आणि त्यांची मोजदाद ठेवणें हें त्या खेळाच्या गरजेस धरूनच होतें. बैठकेची लय पाहावी: अंग खालीं जातें, टाचा उचलल्या जातात, आणि खालीं जाण्याच्या त्या ओघांतच वर येण्याची सुरुवात होते. मध्यें थांबणें नाहीं. प्रत्येक उतार पुढच्या चढास हात देतो. हा हात किती, हें मात्र मोजलें गेलें पॅरिसमध्यें.

तेथें एतियन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञानें १८८२ सालीं प्राण्यांच्या व मनुष्यांच्या हालचालींचा अभ्यास करण्याकरितां एक केंद्र स्थापिलें होतें. एकाच काचेवर क्षणाक्षणाचीं चित्रें उमटविणारा त्याचा कॅमेरा प्रसिद्धच आहे. आपला सहकारी जॉर्ज देमनी याच्यासह त्यानें पायांखालचा दाब टिपणारी फळीही तयार केली, आणि १८८५ सालीं दोघांनीं उडीच्या यंत्रणेवर निबंध सादर केला. एका उडीला लागूनच दुसरी घेतली, तर दुसरी अधिक उंच जाते, असें त्यांच्या ध्यानीं आलें. आपल्या तालमींतील पोरांना हें अंगानें ठाऊक होतें. कागदावर तें तेथें उतरलें.

पुढचें पाऊल अमेरिकेंत पडलें. हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यायामशाळेंत आयुष्य घालविलेल्या डडली सार्जंट यानें १९२१ सालीं माणसाची शारीरिक कसोटी म्हणून उभ्या जागची उडी पुढें मांडली. यंत्र नको, खर्च नको. कालांतरानें भिंतीवर खडूची खूण करून ती घेण्याची पद्धत शाळाशाळांतून पसरली. उंचीबरोबर वजनही धरावयास हवें, हें मात्र पुष्कळजण विसरतात. ७० किलोचा गडी ४० सेंटिमीटर उडाला तर त्याच्या पायांनीं २८ किलोग्रॅम-मीटर काम केलें. ९० किलोचा मल्ल तेवढाच उडाला तर त्याचें काम ३६ भरतें. नुसत्या उंचीवरून जाडजूड पोराला मंद ठरविणें हा त्याच्यावर उघड अन्याय होय.

आतां जिला स्क्वॉट जंप म्हणतात, त्या स्थिर बैठकेंतील उडीकडे वळूं. हींत खेळाडूनें गुडघे सुमारें काटकोनांत वांकवून, हात कमरेवर ठेवून, दोनतीन सेकंद दगडासारखें थांबावयाचें, आणि तेथूनच वर झेपावयाचें. किंचितही खालीं झुकलें कीं उडी बाद. दुसऱ्या प्रकारांत उभें राहून झटकन् खालीं जावयाचें व त्याच झोंकांत वर उडावयाचें. तोच मनुष्य दुसऱ्या प्रकारांत सामान्यतः कांहीं सेंटिमीटर अधिक उडतो. कां? १९७४ सालीं कोपनहेगनच्या आस्मुसेन व बोंडे-पीटरसन यांनीं याचें श्रेय ताणल्या गेलेल्या स्नायूंत सांठलेल्या लवचिक शक्तीस दिलें. रबर ताणून सोडावें तसें. पुढें १९९६ सालीं बॉबर्ट वगैरे डच संशोधकांनीं दुसरें कारण पुढें आणलें: खालीं येतांना शरीर थोपवावें लागतें, त्यामुळें वरची चाल सुरू होण्यापूर्वींच स्नायूंत पुरतें बळ भरलेलें असतें. स्थिर बैठकेंत तें बळ भरेपर्यंत निम्मी वाट संपूनही जाते! हा दुसरा खुलासा अधिक पटण्यासारखा आहे. रबराची उपमा सोपी खरी, पण सोपी उपमा पुष्कळदां अर्ध्यावरच सोडते.

मापनाची किल्ली गणितांत आहे. पाय जमीन सोडल्यापासून पुन्हां टेकेपर्यंतचा काळ मोजला कीं उंची निघते. अर्ध्या सेकंदाची झेप म्हणजे सुमारें ३१ सेंटिमीटर, ०.६ सेकंदाची म्हणजे सुमारें ४४. काळ एकपंचमांशानें वाढतो, उंची जवळजवळ दीडपट होते. याच आधारावर कार्मेलो बॉस्को या इटालियन संशोधकानें फिनलंडमधील लुह्तानेन व कोमी यांजसह १९८३ सालीं एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली. पायांखालच्या चटईस घड्याळ जोडावयाचें आणि खेळाडूला साठ सेकंदांपर्यंत सारख्या उड्या मारावयास लावावयाचें. पहिल्या पंधरा सेकंदांतील जोम शेवटच्या पंधरांत किती उरला, हें त्यांत उघड दिसतें. वस्तादांची संख्या आणि सार्जंटची उंची यांची गांठ येथें पडली.

ही गांठ कुस्तीस किती जवळची आहे, हें खाशाबा जाधव यांच्या चरित्रावरून कळतें. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत शिकला. १९४८ सालीं लंडनला मातीऐवजीं मॅटवर उतरून त्यांनीं सहावा क्रमांक मिळविला. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्याकरितां प्राचार्य खर्डीकर यांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट कोल्हापुरांत आजही सांगितली जाते. तेथें जपानच्या इशीशीं खाशाबांची कुस्ती लांबली, आणि पाठोपाठ सोव्हिएत मल्ल मामेदबेकोव्ह समोर उभा राहिला. नियमाप्रमाणें मध्यें अर्ध्या तासाची विश्रांति मिळावयास हवी होती, परंतु ती मागावयास भारताचा अधिकारी तेथें हजर नव्हता, असें सांगतात. खाशाबांना कांस्यपदक मिळालें; स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. इंजिनांत बळ होतें. तें पुन्हां भरण्यास वेळ मिळाला नाहीं. निकाली कुस्ती संपूर्ण बळ एका झुंजींत खर्चूं देते. मॅटवरची स्पर्धा तेंच बळ थोड्या मिनिटांत, थोड्या अंतरानें, पुन्हांपुन्हां मागते.

म्हणून गडमुडशिंगीच्या पोरानें बैठका सोडाव्यात असें नाहीं. शाळेची एक भिंत, खडूचा तुकडा व वजनकांटा एवढ्यावर त्याची परीक्षा होऊं शकते. सेकंदास २४० चित्रें घेणारा मोबाईल असल्यास झेपेचा काळही मोजतां येतो. एका चित्राची चूक झाली तरी अर्ध्या सेकंदाच्या उडींत फरक अर्ध्या सेंटिमीटरचा. मात्र उतरतांना गुडघे वर ओढून घेणाऱ्या चलाख मुलावर लक्ष ठेवावें. पाय उशिरां टेकतात, काळ वाढतो आणि उंची फुकटची मिळते. पाय सरळ ठेवून, निघाला त्याच पवित्र्यांत त्यानें उतरावें. प्रथम अंग गरम करून तीन स्थिर उड्या, मग थोडी विश्रांति देऊन तीन झोंकाच्या. प्रत्येकींतील उत्तम तेवढी वहींत लिहावी, शेजारीं त्या दिवसाचें वजन लिहावें, आणि महिन्यानें त्याच भिंतीशीं, शक्य तर त्याच वेळीं, पुन्हां बोलवावें.