डेम्लो संख्या आणि श्री. कापरेकर

निपाणी-बेळगाव परिसरात एका घरचे बालक 'नऊ' म्हणते, तर शेजारघरचे 'ओंबत्तु'. अंकचिन्हेही निराळी. तथापि दोघांचीही गणना दहाच्याच पायावर उभी आहे, म्हणून पुढे सांगितलेली गंमत सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच खरी ठरते.

नऊ एकांनी बनलेल्या १११११११११ या संख्येचा वर्ग करावा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. अंक एकापासून नवापर्यंत चढतात व त्याच पायऱ्यांनी उतरतात. या कुळातील संख्यांना 'अद्भुत डेम्लो संख्या' हे नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. मुंबईनजीकच्या ज्या रेल्वे स्थानकावरून हे नाव घेतले, ते आजचे डोंबिवली होय, असे सांगतात. कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असता १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पुढे १९३० ते १९६२ पर्यंत ते देवळाली येथे शाळाशिक्षक होते. उच्च पदवी नाही, विद्यापीठाचा आश्रय नाही. त्यामुळे त्यांच्या संशोधनाकडे अनेक पंडितांनी करमणूक म्हणूनच पाहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कोठे जगाचे लक्ष गेले. १९८६ साली ते निवर्तले.

वरील संख्येच्या अंकांची बेरीज ८१ भरते, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, म्हटले. आता तिचे दोन तुकडे करू : १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९९! यात चमत्कार नाही. मूळ संख्येला ९९९९९९९९९ ने पूर्ण भाग जातो व भागाकार १२३४५६७९ येतो, यातच त्याचे कारण आहे.

परंतु दहा एकांचा वर्ग करताच हा डौल मोडतो : १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या स्थानी दहा आल्याने हातचा घ्यावा लागला. आठच्या पायावर लिहिणाऱ्यास हा अडथळा आठव्या एकालाच येईल. सोळाच्या पायावर पंधरा एकांपर्यंत येणार नाही. अर्थात चढउताराचे हे सौंदर्य संख्येचे नसून आपल्या लेखनपद्धतीचे आहे. तिचे पूर्ण वर्ग असणे मात्र कोणत्याही लिपीत ढळत नाही.

संख्यांचे गूढार्थ लावणाऱ्या आम्हा धर्मशास्त्राच्या अभ्यासकांना हा भेद फार उपयोगी आहे. योहानकृत शुभवर्तमानात (२१:११) जाळ्यात १५३ मासे सापडले. १, ५ व ३ यांच्या घनांची बेरीज १५३ च येते, हे पाहून कोणी हरखून जाईल. पण तो दशमान लेखनाचा योग आहे, आणि योहानाच्या ग्रीक लिपीत १५३ लिहिताना ही अक्षरे अशी येतच नव्हती. संत अगस्टीन यांनी दाखविलेली गोष्ट वेगळ्या जातीची आहे : १ पासून १७ पर्यंतच्या संख्यांची बेरीज १५३. खडे सतरा ओळींत त्रिकोणाकार मांडून गालीलातील निरक्षर कोळ्यालाही ती पडताळता आली असती.