‘भयावह आणि उच्च’: एका शब्दप्रयोगाचा प्रवास

साहित्याचा अभ्यास करताना आपण पाठभेद तपासतो, अवतरणाचे मूळ शोधतो, मूळ ठिकाणी त्याचा अर्थ तोच होता का हे पडताळतो. हीच सवय एखाद्या निकालपत्राला लावली तर काय हाती लागते, याचे एक उदाहरण आम्ही येथे मांडू इच्छितो. विषय आहे अमेरिकेतील लैंगिक गुन्हेगारांच्या सार्वजनिक नोंदवह्यांचा.

अशी नोंदवही कॅलिफोर्निया राज्याने १९४७ मध्येच सुरू केली होती. मात्र ती पोलिसांपुरती होती. १९९४ मध्ये न्यू जर्सीत सात वर्षांच्या एका मुलीवर समोरच्या घरात राहणाऱ्या माणसाने अत्याचार करून तिची हत्या केली. त्याला पूर्वी दोनदा अशाच गुन्ह्यांसाठी शिक्षा झाली होती आणि तिच्या आईवडिलांना त्याची कल्पनाही नव्हती. आम्हांला हे का कळवले नाही, या त्यांच्या प्रश्नाला कोणाजवळही उत्तर नव्हते. त्या मुलीच्या नावाने ओळखला जाणारा ‘मेगनचा कायदा’ १९९६ मध्ये संपूर्ण देशासाठी झाला, आणि पोलिसांच्या कपाटातील नोंदवही नागरिकांसमोर आली. पुढे ती इंटरनेटवर गेली: नाव, छायाचित्र, पत्ता.

कायदा होण्यापूर्वीच ज्यांनी शिक्षा भोगली होती, त्यांचीही नावे या यादीत आली. अलास्कातील अशा दोघांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ५ मार्च २००३ रोजी न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की ही नोंदणी शिक्षा नव्हे, केवळ नागरी नियमन आहे. म्हणून ती पूर्वलक्षी असण्यास घटनेची आडकाठी नाही. वसाहतकाळात अपराध्याला चौकात उभे करून लाज आणीत असत, त्याच्याशी केलेली तुलना न्यायालयाने फेटाळली. ज्या देशात हॉथॉर्नने १८५० मध्ये ‘द स्कार्लेट लेटर’ लिहिली, तेथे ही तुलना सुचणे स्वाभाविकच होते. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिले. अशा गुन्हेगारांकडून पुन्हा गुन्हा घडण्याचा धोका ‘भयावह आणि उच्च’ आहे, असे त्यात म्हटले होते.

हे शब्द आले कोठून? २०१५ मध्ये आयरा आणि तारा एलमन या अभ्यासकांनी त्यांचा माग काढला. केनेडी यांनी ते २००२ मधील आपल्याच एका निकालपत्रातून घेतले होते. तेथे उपचार न घेतलेल्यांसाठी ८० टक्के असा आकडा होता. त्याचा आधार १९८८ ची एक सरकारी मार्गदर्शिका. आणि तिचा आधार १९८६ मध्ये ‘सायकॉलॉजी टुडे’ या सामान्य वाचकांच्या नियतकालिकातील एक लेख. तुरुंगात उपचार-कार्यक्रम चालवणाऱ्या एका समुपदेशकाने लिहिलेल्या त्या लेखात हा आकडा नुसता सांगितला होता. त्यामागे कोणतीही पाहणी दिलेली नव्हती. संहिताशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर हस्तलिखितांची परंपरा आहे, पण मूळ प्रतच नाही. तरीही पुढील शंभराहून अधिक निकालपत्रांनी हे शब्द उद्धृत केले.

त्याच वर्षी, निकालानंतर काही महिन्यांनी, अमेरिकेच्या न्याय खात्याने १५ राज्यांतून १९९४ मध्ये सुटलेल्या ९,६९१ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. तीन वर्षांत नव्या लैंगिक गुन्ह्यासाठी पुन्हा अटक झालेल्यांचे प्रमाण ५.३ टक्के होते. असे कितीतरी गुन्हे पोलिसांपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे खरे प्रमाण याहून अधिक असणार, हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्यातून ८० टक्के सिद्ध होत नाहीत.

मग नोंदवही निरुपयोगी आहे काय? २०११ मध्ये प्रेस्कॉट आणि रॉकॉफ यांनी काढलेला निष्कर्ष येथे महत्त्वाचा वाटतो. केवळ पोलिसांना दिलेली माहिती गुन्हे कमी करते. तीच जाहीर केली की नोंद झालेल्यांकडून पुन्हा गुन्हा घडण्याची शक्यता उलट वाढते, असे त्यांना आढळले. ज्याला घर नाही, काम नाही, शेजार नाही, त्याला गमावण्यासारखे उरतेच काय? शिवाय यादीकडे पाहणारा पालक अनोळखी माणसाला शोधत असतो. न्याय खात्याच्याच २००० मधील अहवालानुसार अत्याचारित मुलांपैकी सुमारे ९३ टक्के मुलांना अत्याचार करणारा परिचित होता. घरातला माणूस यादीत सापडत नाही.

नोंदवहीतील नाव माणसाचे काय करते, हे मराठी वाचकाला परके नाही. १८७१ च्या कायद्याने काही जमातींची नोंद ‘गुन्हेगार’ म्हणून झाली; पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि १९५२ मध्ये रद्द झाला. तो शिक्का पुसला गेला नाही, याची साक्ष लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ देते. तेथे गुन्हा जन्माने ठरत होता, येथे न्यायालयाने ठरवलेला आहे. हा भेद आम्ही पुसू इच्छित नाही. मात्र सुटकेची तारीख नसलेली नोंद दोन्हीकडे दिसते.

भारतानेही सप्टेंबर २०१८ मध्ये लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. ती केवळ तपासयंत्रणांसाठी आहे. एखाद्या भीषण घटनेनंतर ती सर्वांना खुली करण्याची मागणी झाली, तर त्या मागणीमागील वेदना खरीच असेल. न्यू जर्सीतील आईवडिलांची वेदनाही खरीच होती. म्हणूनच त्या वेदनेला उत्तर म्हणून पुढे येणारा आकडा कोठून आला, हे आपण त्याच वेळी विचारले पाहिजे. अमेरिकेत हा प्रश्न निकालानंतर बारा वर्षांनी विचारला गेला.